हुकूम पायथनचा, हात सीचा

नांदेडहून वसमतमार्गे औंढा नागनाथ साठेक किलोमीटर. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला माणसे पिढ्यान्‌पिढ्या या रस्त्याने जात आली. त्याच औंढ्याजवळ, हिंगोली जिल्ह्यातल्या दुधाळा शिवारात, १७४ एकरांवर आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मंजुरी दिली, ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय अशा चौघांवर ही जबाबदारी आहे.

दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळतात तेव्हा अवकाश थरथरते आणि ती थरथर गुरुत्वीय लहरींच्या रूपाने प्रकाशाच्या वेगाने दूरवर पसरते. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो शोधकांनी ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपली. राय वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना त्यासाठी २०१७चे नोबेल मिळाले. ही गोष्ट मराठीत बऱ्याचदा सांगून झाली आहे. मला आकाशाबद्दल नाही, यंत्राबद्दल बोलायचे आहे. या यंत्राला हुकूम कोण सोडते आणि तो हुकूम बजावते कोण, एवढ्या एकाच प्रश्नाबद्दल. कारण त्याचे उत्तर नांदेड-लातूरच्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या आवाक्यातले आहे, आणि तरीही ते त्याला कुणी फारसे सांगत नाही.

लायगोच्या दोन भुजांपैकी प्रत्येकीत चार किलोमीटर अंतरावर दोन आरसे समोरासमोर टांगलेले असतात. एकेक आरसा ४० किलोचा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा, अतिशुद्ध सिलिका काचेचा. तो चार टप्प्यांच्या लोलकाच्या अगदी खालच्या टप्प्यावर, काचेच्याच चार तंतूंवर लोंबतो. तंतूची जाडी ०.४ मिलिमीटर. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याचा दोर वरून भरभर हलवला तरी खालचा पोहरा जागचा हलत नाही. तेच तत्त्व इथे एकाखाली एक चार वेळा वापरले आहे. पण दोर संथपणे हलवला तर पोहरा झुलतोच. जमिनीची संथ हालचाल अशीच आरशापर्यंत पोचते, आणि तिला आवर घालायला नियंत्रण लागते. मीटरचे लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाच्याही आत दोन आरशांमधले अंतर धरून ठेवावे लागते. तेवढे जमले नाही तर लेझरचा प्रकाश त्यांच्यामध्ये साठतच नाही आणि यंत्र आंधळे होते. अंतर पक्के धरले गेले की तिथले लोक म्हणतात, ‘लॉक’ लागला.

हा लॉक टिकवण्यासाठी संगणक सेन्सरचे आकडे वाचतो, आरशाला कुठल्या दिशेने किती ढकलायचे ते काढतो आणि तेवढा विद्युत् संकेत बाहेर पाठवतो. हे चक्र सेकंदाला १६,३८४ वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला ६१ मायक्रोसेकंद. त्या वेळात वाचन, गणित आणि उत्तर सगळे उरकायचे, आणि हे तासन्‌तास, एकही फेरी न चुकवता. हे काम करतो सी भाषेतला, कंपाइल होऊन थेट प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उतरलेला कोड.

याच यंत्रात दुसरीही एक प्रणाली चालते. तिचे नाव गार्डियन. जेमसन रोलिन्स यांनी ती घडवली आणि ती सगळी पायथनमध्ये आहे. आत्ता यंत्र कुठल्या अवस्थेत आहे, पुढची अवस्था कुठली, तिथे जायला कुठले फिल्टर चालू करायचे, लॉक सुटला तर कुठून पुन्हा सुरुवात करायची, हे गार्डियन ठरवते. तिची फेरी सेकंदाला १६ वेळा होते. १६,३८४ला १६ने भागले की १,०२४ येतात. पायथनने एकदा डोळे उघडून बघेपर्यंत सीच्या हजारावर फेऱ्या झालेल्या असतात. आणि तरीही चार किलोमीटरचे ते यंत्र झोपेतून उठवून लॉकपर्यंत नेते ते पायथनच.

अशी वाटणी करायचे कारण काय? सगळे सीमध्येच का नाही लिहायचे, किंवा सगळे पायथनमध्येच?

वेग हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. दोन संख्यांची बेरीज सांगितली की सीचा कंपायलर ती आधीच प्रोसेसरच्या एक-दोन सूचनांमध्ये उतरवून ठेवतो. पायथनचा इंटरप्रीटर मात्र प्रत्येक वेळी त्या दोन वस्तू कुठल्या जातीच्या आहेत ते तपासतो, बेरजेचे कुठले काम लावायचे ते शोधतो, उत्तरासाठी नवी वस्तू तयार करतो आणि ती कोण कोण वापरते आहे याची मोजदाद ठेवतो. त्यामुळे साध्या आकडेमोडीच्या फेऱ्यांत पायथन सीपेक्षा कित्येक पटींनी मागे पडतो. पण यंत्र चालवताना त्याहून मोठी अडचण आहे ती खात्रीची. एखादी ओळ सरासरी किती वेळ घेते हे सांगता येते; अमुक वेळेच्या आत ती नक्की संपेल असे पायथन सांगू शकत नाही. मध्येच नको असलेली मेमरी झाडून काढायचे काम निघेल, दुसरा थ्रेड इंटरप्रीटरचे कुलूप धरून बसेल, ऑपरेटिंग सिस्टिम तुमचा प्रोग्राम बाजूला सारून दुसऱ्याला वेळ देईल. पगारपत्रक काढताना याने काही बिघडत नाही. टांगलेल्या आरशाचे बिघडते.

हा शेवटचा धोका तर सीलाही असतो. साध्या लिनक्सवर चालणारा सी प्रोग्रामही ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवरच जगतो. त्यावर रॉल्फ बोर्क आणि त्यांच्या कॅलटेकच्या सहकाऱ्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. नियंत्रणाचा आराखडा अभियंते सिम्युलिंक या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढून मांडतात. त्या चित्रावरून सी कोड आपोआप तयार होतो आणि तो लिनक्सच्या गाभ्यातच एक मॉड्यूल म्हणून बसतो. मग प्रोसेसरचा एक कोअर बंद पडला आहे असे लिनक्सला भासवले जाते. लिनक्स त्या कोअरकडे फिरकत नाही, आणि तो कोअर निवांतपणे एकच काम करत राहतो. तिथे दुसरा कुठलाच प्रोग्राम येत नाही, कुणी मध्येच उठवत नाही. ६१ मायक्रोसेकंदांची खात्री अशी मिळवलेली आहे.

आता पायथन कशाला, याकडे येऊ. लॉक लावायची रीत ही एकदा लिहून संपणारी गोष्ट नव्हे. आधी हिरवा लेझर, मग अवरक्त. आधी थोडी शक्ती, मग जास्त. एखादा टप्पा आज जमला नाही तर उद्या त्याचा क्रम बदलून पाहायचा. हे बदल रोज होतात आणि ते करणारी माणसे भौतिकशास्त्रज्ञ असतात. त्यांना तो मजकूर वाचता आला पाहिजे, रात्रपाळीला एकटे बसलेले असताना बदलता आला पाहिजे, आणि बदल लगेच चालू करून पाहता आला पाहिजे. गाभ्यातल्या सी मॉड्यूलमध्ये बदल करायचा तर ते नव्याने बांधून पुन्हा सुरू करावे लागते. गार्डियनमधली अवस्था म्हणजे पायथनचा एक छोटा वर्ग (क्लास). शिरताना एकदा काय करायचे आणि आत असेपर्यंत पुन्हा पुन्हा काय तपासायचे, एवढेच त्यात लिहिलेले. कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येते याचा नकाशा दिला की मधला जवळचा मार्ग गार्डियन स्वतः शोधते.

हेच सगळे लातूरच्या एखाद्या गोदामातही दाखवता येते. लातूरचा बाजार सोयाबीन आणि तुरीचा. साठवलेल्या मालाला बुरशी लागू नये म्हणून गोदामातल्या हवेचा दमटपणा मोजायचा आणि तो वाढला की पंखा लावायचा, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रकल्प. त्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि डीएचटी २२ हा स्वस्त सेन्सर घेतात. हा सेन्सर आपले उत्तर ४० बिट्‌समध्ये, एकाच तारेवरून पाठवतो. प्रत्येक बिटच्या आधी तार सुमारे ५० मायक्रोसेकंद खाली जाते, मग वर येते. वरच्या स्थितीत २६ ते २८ मायक्रोसेकंद राहिली तर तो शून्य, ७० राहिली तर एक. सगळा खेळ चाळीसेक मायक्रोसेकंदांच्या फरकाचा. निव्वळ पायथनने तार बघत बसलो आणि मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमने शंभर मायक्रोसेकंदांसाठी लक्ष दुसरीकडे वळवले, की एखादा बिट हातचा गेलाच. शेवटचे आठ बिट पडताळणीचे असतात; त्यांचा मेळ बसत नाही आणि पूर्ण वाचन फेकून द्यावे लागते.

ॲडाफ्रूट कंपनीने या सेन्सरसाठी जी पायथन लायब्ररी दिली होती तिच्या पोटात म्हणूनच सी होते. तार वाचायच्या तेवढ्या वेळापुरता सीचा कोड स्वतःचा अग्रक्रम सगळ्यांत वर नेतो, बिट मोजतो आणि पुन्हा साध्या रांगेत येऊन उभा राहतो. वाचन फसले तर दोन-दोन सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करायचा, जास्तीत जास्त १५ वेळा. हे काम मात्र पायथनकडे. आकड्यांची नोंद ठेवणे, आलेख काढणे, मालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवणे, पंखा कधी लावायचा ते ठरवणे हेही पायथनकडेच. लायगोतली वाटणी आणि ही वाटणी यांत तत्त्वाचा काडीचाही फरक नाही.

आता पूल कसा बांधतात ते बघू. खरे कसब इथेच लागते.

आपण जो पायथन वापरतो तो इंटरप्रीटर स्वतः सीमध्ये लिहिलेला आहे. म्हणजे पायथनचा प्रोग्राम चालू असताना संगणकाच्या दृष्टीने एक सी प्रोग्रामच चालू असतो. त्या चालू प्रोग्रामला सीमधली दुसरी लायब्ररी, लिनक्सवर ज्या फाइलच्या नावाशेवटी ‘एसओ’ लागते आणि विंडोजवर ‘डीएलएल’, मेमरीत ओढून घेता येते. लायब्ररीत कुठले फंक्शन कुठल्या पत्त्यावर आहे याची यादी असते. नाव दिले की पत्ता मिळतो, आणि त्या पत्त्यावर उडी मारली की सीचे काम सुरू. दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये, एकाच मेमरीत. मध्ये ना तार, ना नेटवर्क.

अडचण असते ती देवाणघेवाणीच्या शिस्तीची. सीचे फंक्शन असे गृहीत धरते की बोलावणाऱ्याने पहिला पूर्णांक प्रोसेसरमधल्या अमुक रजिस्टरमध्ये ठेवला आहे, दुसरा तमुकमध्ये. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट लिनक्सवर पहिले सहा पूर्णांक सहा ठरावीक रजिस्टरांत जातात, अपूर्णांकांसाठी वेगळी रजिस्टरे असतात, आणि उत्तरही पूर्णांक असेल तर एका रजिस्टरमध्ये, अपूर्णांक असेल तर दुसऱ्याच रजिस्टरमध्ये येते. ही शिस्त पाळण्याचे काम पायथनमधले सीटाइप्स हे मॉड्यूल करते. थॉमस हेलर यांनी लिहिलेले हे मॉड्यूल २००६ साली, पायथन २.५ पासून, पायथनसोबतच मिळू लागले. त्यामुळे सीची तयार लायब्ररी हाती असेल तर पायथनशिवाय दुसरे काहीही न बसवता तिला साद घालता येते.

पण फंक्शन काय घेते आणि काय परत देते हे सीटाइप्सला आपणच सांगावे लागते. नाही सांगितले तर उत्तर ३२ बिटांचा पूर्णांक आहे असे ते धरून चालते. समजा, तापमान देणारे सीचे फंक्शन ३१.५ असा अपूर्णांक परत देते आणि आपण ते सांगायला विसरलो. उत्तर अपूर्णांकांच्या रजिस्टरमध्ये ठीकठाक पोचलेले असते. सीटाइप्स मात्र पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये आधीचे जे काही पडलेले असेल ते उचलून आणते. चूक झाल्याचा संदेश येत नाही, प्रोग्राम थांबत नाही, फक्त पडद्यावर भलताच आकडा दिसतो. फंक्शन मेमरीचा पत्ता परत देत असेल तर आणखी वाईट. ६४ बिटांच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग छाटला जातो, आणि त्या अर्धवट पत्त्यावर पुढचे पाऊल टाकताच सगळा प्रोग्राम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून कोसळतो. दोन्हींवर उपाय एक-एक ओळीचा: वापरण्याआधीच फंक्शनच्या आर्गटाइप्स (काय घेते) आणि रेसटाइप (काय परत देते) या दोन गोष्टी भरून ठेवायच्या. ज्याने हे एकदा हाताने करून पाहिले त्याला रजिस्टर म्हणजे काय, पॉइंटर म्हणजे काय, ३२ आणि ६४ बिटांत नेमका फरक काय, हे पाठ करावे लागत नाही.

दुसरा सापळा उलट्या दिशेचा आहे. कधी कधी सीला पायथनला बोलवायचे असते: ‘आकडा बदलला की मला सांग’ अशी विनंती पायथन आधी नोंदवून ठेवतो आणि वेळ आली की सीची लायब्ररी पायथनचे फंक्शन चालवते. यासाठी सीटाइप्स पायथनच्या फंक्शनभोवती सीला समजेल असे एक वेष्टन तयार करते. ते वेष्टन कुठल्या तरी चलात धरून ठेवले नाही, तर ‘हे आता कुणाला नको’ असे समजून पायथन ते मेमरीतून काढून टाकतो. सीकडे मात्र जुना पत्ता तसाच असतो. तासाभराने ती त्या पत्त्यावर हाक मारते तेव्हा तिथे कुणीच नसते. असा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.

लायगोत हा पूल रोज वापरला जातो. गार्डियनमध्ये शास्त्रज्ञ एखाद्या वाहिनीचे (चॅनलचे) नाव लिहून तिला किंमत देतो. दिसायला ती पायथनची अगदी साधी ओळ असते. ती ओळ इझका या थरातून पायएपिक्सकडे जाते. शिकागो विद्यापीठातल्या मॅट न्यूव्हिल यांनी लिहिलेली ही लायब्ररी सीटाइप्सच वापरून एपिक्स प्रणालीच्या कंपाइल केलेल्या लायब्ररीला हाक मारते. एपिक्सचा उगम अमेरिकेतल्या लॉस अलामॉस आणि आर्गॉन प्रयोगशाळांमध्ये, १९८०च्या दशकाच्या अखेरीला. कण-त्वरक चालवण्यासाठी ती घडली आणि आज जगभरच्या मोठ्या प्रयोगांत ती आहे. तिथून संदेश नेटवर्कवरून त्या आरशाच्या संगणकाकडे जातो, तिथल्या सामायिक मेमरीत उतरतो, आणि ज्या कोअरला लिनक्स विसरले आहे तो कोअर पुढच्या फेरीत ती नवी किंमत उचलतो. मग डिजिटलचे ॲनालॉग होते, कॉइलमधून प्रवाह वाहतो, आणि टांगलेला भार रेसभर सरकतो. या वाटेवर पायथन आहे तो फक्त पहिल्या काही पावलांपुरता. वळण मात्र सगळे त्याने दिलेले.

यावरून एक नियम निघतो, आणि तो मी ठामपणे सांगेन: सुरक्षेची जबाबदारी स्क्रिप्टवर कधी टाकू नये. रास्पबेरी पायच्या पिनवर रिले, रिलेवर पाण्याचा पंप, अशी जोडणी असेल आणि पंप चालू असताना प्रोग्राम कोसळला, तर पिन आपोआप बंद होत नाही. ती शेवटच्या स्थितीतच राहते आणि पंप चालतच राहतो. टाकी भरली की प्रवाह तोडणारा फ्लोट स्विच म्हणून वेगळाच हवा. त्याला ना पायथन ठाऊक असावा ना सी. लायगोतही हेच पाळले आहे. लोलक वाजवीपेक्षा जास्त हलू लागला तर त्याचे नियंत्रण तोडणारा ‘वॉचडॉग’ पायथनमध्ये नाही, तो खालच्या थरात आहे. गार्डियन ठप्प झाली तरी त्याचे काम चालू राहते.

लोलक जास्त हलण्याचा विषय निघाला की मराठवाड्यातल्या माणसाला भूकंप आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, तीन छप्पन्नची वेळ, ६.२ तीव्रता, किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दहा हजारांच्या घरात माणसे गेली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते. हिंगोलीच्या परिसरातही २०२४मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेडपर्यंत जाणवले. मग असे नाजूक यंत्र इथे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की यंत्राला रोज छळते ती जमिनीची सततची कुरकुर: समुद्राच्या लाटांनी होणारी थरथर, रेल्वे, अवजड वाहने, कारखाने. समुद्रापासून दूर, मोठ्या उद्योगांपासून दूर, खाली बेसाल्टचा थर अशी सपाट जमीन त्यासाठी हवी असते. भूकंपाचा त्रास मात्र पृथ्वीवर कुठेही गेले तरी सुटत नाही. कारण हजारो किलोमीटरवरच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरीही लॉक तोडतात.

पण या लहरी सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटरनेच चालतात. आठ हजार किलोमीटरवर भूकंप झाला तर त्या यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, आणि भूकंपाची बातमी इंटरनेटवरून त्याच्या कितीतरी आधी येते. २०१९पासूनच्या निरीक्षणांत लायगोने याचा फायदा घेतला. सूचना आली आणि जमीनही हलू लागली आहे असे दिसले की गार्डियन यंत्राला ‘भूकंप अवस्थे’त नेते. त्यात एक सुंदर विचार आहे. वीस सेकंदांना एक अशा संथ लहरीची लांबी सत्तर किलोमीटरच्या घरात असते. चार किलोमीटरच्या भुजेची दोन्ही टोके तिच्यावर जवळजवळ एकत्रच वर-खाली होतात. मग जमिनीशी झुंजण्यापेक्षा आरशांच्या बैठकींना जमिनीसोबत एकत्र डोलू द्यावे. दोघांमधले अंतर तर राखले जातेच! ‘आता डोलू द्या’ हा निर्णय पायथनचा, बातमीवरून घेतलेला, मिनिटांच्या हिशोबातला. नवे फिल्टर धक्का न देता हळूच चढवणे आणि प्रत्येक ६१ मायक्रोसेकंदाला गणित चालू ठेवणे सीचे. जवळच्या भूकंपात अर्थातच अशी उसंत मिळत नाही. लॉक तुटतो, वॉचडॉग आपले काम करतो, आणि जमीन शांत झाली की गार्डियन पहिल्या पायरीपासून पुन्हा चढू लागते.

लायगो-इंडियासाठीचा शोधक याच घराण्यातला. अमेरिकेतल्या दोन शोधकांसोबत तिसऱ्याचेही भाग तयार झाले होते. ते मूळचे हॅनफर्डलाच बसायचे होते, आता ते भारताच्या वाट्याला आले आहेत. २०३०पर्यंत वेधशाळा पूर्ण व्हावी असे उद्दिष्ट ठेवले आहे. अशीच वाटणी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातही भेटते. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण चालवणाऱ्या या केंद्राने स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक प्रकल्पाच्या नियंत्रण-यंत्रणेची धुरा उचलली. ती यंत्रणा टँगो या सी प्लस प्लसमधल्या प्रणालीवर, पायथनमधून लिहिली जाते.

म्हणून मला आपल्या महाविद्यालयांबद्दल बोलावेसे वाटते. नांदेडच्या विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ची; लातूरची महाविद्यालयेही जुनी, आणि लातूरच्या मुलांच्या कष्टाबद्दल महाराष्ट्राला काही सांगायला नको. पण बहुतेक ठिकाणी सी एका सत्रात शिकवतात, पायथन दुसऱ्या, मायक्रोकंट्रोलर तिसऱ्या. तीन विषय, तीन परीक्षा. हे तिन्ही एकाच यंत्रात एकमेकांना हाक मारतात, हे मुलाला चार वर्षांत एकदाही दिसले नाही, तर त्याला तिन्हींपैकी एकही धड कळलेला नसतो. लातूर पॅटर्नने गुण मिळवून देण्याची ताकद सिद्ध केली आहे. त्याच जिद्दीने प्रयोगाचे एक टेबल मांडले पाहिजे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम घडवली: पोलादाची एक पट्टी, तिला तापवणारी तार, गार करणारा पंखा, तापमानाचा सेन्सर आणि सगळे सांभाळणारा मायक्रोकंट्रोलर. सायलॅब या सॉफ्टवेअरमधल्या स्क्रिप्टने ती दुरून, इंटरनेटवरूनही चालवता येते. पट्टी सावकाश तापते, म्हणून मुंबई-नांदेड अंतराचा विलंब तिला सोसतो. आरशाला तो सोसला नसता. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातून आलेले एक्सपआइज हे उपकरणही याच जातीचे. आत सीमधला कोड, बाहेर पायथन, आणि महाविद्यालयाला परवडेल अशी किंमत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि सीचे धडे मराठीतून, फुकट ऐकायला मिळतात.

आणि यातले काहीच हाताशी नसेल तर एक रास्पबेरी पाय, एक एलईडी आणि एक दुपार पुरते. सीमध्ये एलईडी लावणारे-विझवणारे आणि त्याला लागलेला वेळ अपूर्णांकात परत देणारे दहा ओळींचे फंक्शन लिहा. जीसीसी या सीच्या कंपायलरला ‘शेअर्ड’ हा पर्याय देऊन त्याची लायब्ररी करा. पायथनमधून सीटाइप्सने तिला हाक मारा. मग मुद्दाम रेसटाइपची ओळ काढून टाका आणि काय होते ते पाहा. त्यानंतर दहा हजार वेळा एलईडी चालू-बंद करा, एकदा फेरी पायथनमध्ये ठेवून आणि एकदा सीमध्ये ठेवून, आणि प्रत्येक फेरीला लागलेला वेळ वहीत उतरवा. सरासरी काढून थांबू नका. सर्वांत जास्त वेळ घेणारी फेरी कुठली आणि तिने किती वेळ घेतला ते शोधा. यंत्र चालवणाऱ्याला कामाचा आकडा तोच आहे.